घाटाखाली उतरवलेल्या कलावतीबाई

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, कारण मंडपात लगेच दिलेली उत्तरं चपला पायात घालेपर्यंतही टिकत नाहीत.

एका विद्यार्थ्यानं पेपर लिहिला. आपला आपण लिहिला, कॉपी नाही, काही नाही. मग त्यानं खिशातून लाल पेन काढलं आणि तोच पेपर आपला आपणच तपासला. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव! दोन मार्क कापले ते अक्षरासाठी — म्हणजे लोकांनी म्हणावं, पोरगं परीक्षक म्हणून कडक आहे हो. आता सांगा, याला पहिल्या नंबराची ढाल द्यायची का?

नाही? सगळ्यांच्या माना आडव्या हलल्या. खांबाला टेकलेल्या त्या आजोबांची उभी हलली, पण ती डुलकी आहे, ते मत धरायचं नाही.

ठीक. मग ज्या यंत्रानं पेट्रोल प्यायचं, त्यानंच 'मी किती कमी प्यायलो' हे पडद्यावर लिहायचं, आणि आपण त्याचा फोटो काढून पाहुण्यांना पाठवायचा — हा कुठला न्याय? दारुड्याला विचारून कुणी ग्लास मोजतं का? हसू नका. आज मी रागावलेलो आहे. कीर्तनकारानं रागावू नये म्हणतात. पण ही कथा ऐकून ज्याला राग येणार नाही, त्यानं आत्ताच उठावं आणि पंपावर जाऊन स्वतःत थोडी हवा भरून घ्यावी.

तर भोर गावी सर्जेराव खुटवड नावाचे गृहस्थ राहतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलं, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवला. चालवणं असं, की अॅक्सिलरेटरखाली कोंबडीचं अंडं ठेवलं असतं तर ते फुटलं नसतं — उबलं असतं!

आता डेपोतली एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. गाडी आली की टाकी गळ्यापर्यंत भरायची. मागच्या खेपेला गळ्यापर्यंत भरली होती, आजही गळ्यापर्यंत. म्हणजे मधे जेवढं मावलं, तेवढं गाडीनं खाल्लं. चाललेले किलोमीटर भागिले मावलेले लिटर. संपला हिशेब. आणि तो आकडा फळ्यावर खडूनं कुणी लिहायचा? डिझेल भरणाऱ्यानं. ज्यानं गाडी चालवली त्यानं खडूला बोट लावायचं नाही! सर्जेरावांचं नाव त्या फळ्यावर वर्षानुवर्षं पहिल्या तिघांत असायचं, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या हातचं नव्हतं. मंडळी, याला म्हणतात कीर्ती. आपल्या हातानं लिहिली, की तिला जाहिरात म्हणतात.

सर्जेरावांच्या पत्नी कलावतीबाई. गुडघ्यांनी दगा दिलेला, जिभेनं नाही. आणि मुलगा धैर्यशील. शिरवळच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर, वय तेहेतीस, लग्न व्हायचं आहे. त्यानं गाडी घेतली. साधी नाही — हायब्रीड!

हायब्रीड म्हणजे काय? एकाच पोटात दोन जीव. एक पेट्रोलवर चालतो, एक बॅटरीवर. कधी हा ओढतो, कधी तो, कधी दोघं मिळून. आपल्याकडे द्वैत की अद्वैत यावर शेकडो वर्षं पंडित भांडले. शोरूमवाल्यानं तो वाद चहा येईपर्यंत मिटवला.

गाडी खरंच चांगली हो! गाडीवर माझा राग नाही. राग आहे तो तिच्या पुढच्या पडद्यावर. त्या पडद्यावर लिटरमागे किती किलोमीटर पडले ते दिसायचं. नीट चालवली तर तिथं हिरवी पानं फुटायची. एक पान, दोन पानं, अख्खं झुडूप! कलावतीबाई म्हणायच्या, दारातली तुळस वाळली तिला तांब्याभर पाणी घालायला याला सवड नाही, आणि गाडीतलं झाड मात्र सकाळ-संध्याकाळ वाढवतोय. शिवाय प्रवास संपला की पडदा गाडी चालवणाऱ्याला मार्क द्यायचा. धैर्यशीलला चौऱ्याण्णव. एकदा सर्जेरावांनी गाडी बाजारपेठेतून आणली, वाटेत कुत्रं आडवं आलं म्हणून ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं. पडदा म्हणाला — बासष्ट. आणि खाली ओळ: 'सुधारणेला वाव आहे.'

चौतीस वर्षांच्या बिल्ल्याला सुधारणेला वाव! त्या दिवसापासून गाडीची किल्ली धैर्यशीलच्या खिशात राहायला लागली. टाकी भरून आणायची असली तरच ती अप्पांच्या, म्हणजे सर्जेरावांच्या, हातात यायची — पंप घरापासून हाकेच्या अंतरावर होता, तेवढ्यात काही बिघडायचं नाही म्हणून. सर्जेराव वादात पडले नाहीत. पण माणूस आतून खचला, मंडळी. आपण खरंच म्हातारे झालो, असं त्यांना वाटायला लागलं. पडद्यानं सांगितलं ना!

पुढं ऐका. त्याच जातीच्या गाड्यांच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. नाव 'अठ्ठावीस पार'. ज्याच्या पडद्यावर लिटरला अठ्ठावीसच्या वर आकडा येईल, तो खरा पुरुष! रोज फोटो, रोज अभिनंदन, रोज अंगठे. आणि त्यांनी स्पर्धा काढली. सगळ्यांनी टाकी गळ्यापर्यंत फुल करायची, आकडा शून्यावर आणायचा आणि ठरल्या रविवारी संध्याकाळी पडद्याचा फोटो पाठवायचा. पहिल्याला आठवड्यानं स्नेहमेळाव्यात शाल आणि श्रीफळ.

झालं. घरात व्रत सुरू झालं. एप्रिलच्या उन्हात एसी बंद. मग काचा उघडाव्यात? नाही — उघड्या काचांनी वारा अडतो, म्हणून काचाही बंद! आत तिघं, भाजणीच्या पिठासारखे. डिकीतलं जास्तीचं चाक काढून घरात ठेवलं. कलावतीबाईंनी माहेरी न्यायला लोणच्याची बरणी आणली, तर तिला वजनकाट्यावर बसवलं. बरणी नापास. एका मुलीचं स्थळ सांगून आलं; फोटो पाहून पोरगा म्हणाला, छान आहे — आणि वजन? वडिलांना वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती.

तर तो रविवार. कलावतीबाईंची थोरली बहीण वाईला — इंदूआक्का. अंथरुणाला खिळलेली. सकाळचं जरा बोलते, माणूस ओळखते. दोन वाजता औषध दिलं की मग दुसऱ्या दिवसापर्यंत गाढ झोप. तिनं निरोप धाडला होता, कलूला एकदा बघू दे. म्हणून तिघं निघाले. भोरहून वाईला जायला मांढरदेवीचा घाट लागतो. पायथ्याला पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि पडद्यावर होते अठ्ठावीस पूर्णांक तीन.

धैर्यशीलनं गाडी कडेला घेतली. घाटाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग आरशातून मागं बसलेल्या आईकडे बघितलं. आणि म्हणाला, "आई, एक करशील का? मागनं एसटी येतीच आहे. घाट तेवढा तिच्यातनं चढ. आम्ही माथ्यावर थांबतो."

मंडळी, पेटी थांबवा जरा. अण्णा, हात काढा. हे गोड सुरात सांगायचं वाक्य नाही.

ज्या बाईनं नऊ महिने याला पोटात वाहिलं, आणि तेव्हा कुठलाही पडदा बघितला नाही, की बाई गं, लिटरला किती पडतंय — तिला हा सांगतो, तुझं ओझं होतंय, उतर!

कलावतीबाईंनी दाराच्या मुठीला हात घातला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा पुढच्या सीटवर होता. चौतीस वर्षांत एकही प्रवासी वाटेत न सोडलेला माणूस. आणि सर्जेराव कुठं बघत होते? पडद्याकडे! बासष्ट मार्कांचा माणूस चौऱ्याण्णववाल्याला काय बोलणार? त्यांना वाटलं, असेल. आपल्याला नवीन यंत्रातलं कळत नाही. पोरगं विचार करूनच म्हणत असेल. दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचाही आला. मान मागं वळली नाही.

एसटी येतीच होती, ती सव्वा तासानं आली. खच्चून भरलेली. कलावतीबाई दांडीला धरून, ते गुडघे घेऊन, उभ्यानं घाट चढल्या. माथ्यावर गाडीत बसल्या. पुढं रस्त्याचं काम निघालं, तिथं अडकले. वाईला पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. इंदूआक्का झोपलेली. कलावतीबाई तिचा हात हातात घेऊन तासभर बसल्या. हातानं ओळख दिली नाही.

परत निघताना धैर्यशीलला आठवलं, की घाट वाईकडूनही चढावाच लागतो. पण त्याला तोंड उघडायची वेळच आली नाही. कलावतीबाई चपला घालून एसटी स्टँडच्या दिशेला लागल्या होत्या. म्हणाल्या, मी इथनंच येते.

त्या घरी आल्या तेव्हा दिवे लागले होते. फोटो ग्रुपवर जाऊन अंगठ्यांचा पाऊस पडून गेला होता. त्यांनी पाय धुतले आणि सर्जेरावांना एवढंच विचारलं,

"किती पडलं?"

"अठ्ठावीस पूर्णांक एक."

"बरं."

मंडळी, बायकोचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना फोड करून सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकलं त्यांची लग्नं व्हायची आहेत. देव त्यांचं भलं करो.

सर्जेरावांना रात्रभर डोळा नाही. एकच विचार: त्या आकड्यासाठी हे झालं, तर तो आकडा तरी खरा आहे का? तपासला कुणी? आणि एकदम उठून बसले. टाकी भरायला किल्ली आपल्याच हातात येते! स्पर्धेच्या आधी त्यांनीच गळ्यापर्यंत भरून आणली होती, डेपोच्या सवयीनं!

सोमवारी सकाळी त्याच पंपावर, त्याच नळीखाली गाडी लावली. पंपावर शेवाळे नावाचे गृहस्थ. नळीनं खट् केलं, शेवाळे म्हणाले, काका, कट झाला. सर्जेराव म्हणाले, कट तुझ्या नळीचा झाला, टाकीचा नाही. मग त्यांनी मागचा बंपर धरून गाडी हलवली, आतली हवा बुडबुडे काढत वर आली, पुन्हा थोडं मावलं. पुन्हा हलवली. मागं रांगेत उभे असलेले लोक विचारायला लागले, काका गाडीला जुलाब झालेत का? अखेर पेट्रोल तोंडाशी आलं, मागच्यासारखंच. किलोमीटर झालेले सहाशे बारा. पेट्रोल मावलं चोवीस पूर्णांक नऊ लिटर. सर्जेरावांनी पेन्सिल काढली. चोवीस पूर्णांक सहा!

पडदा म्हणत होता अठ्ठावीस पूर्णांक एक. तो खरा असता तर बावीस लिटरही मावायला नको होतं. मग वरचे तीन लिटर गेले कुठं? झाडानं प्यायले? ती पानं त्याच्यावर हिरवी झाली?

आता तुम्ही विचाराल, यंत्र खोटं का बोलतं? ऐका. ते टाकीत डोकावतच नाही! इंजिनाला पेट्रोलचा फवारा किती वेळ सोडला ते मोजतं, आणि त्यावरून अंदाज बांधतं. म्हणजे सूनबाईनं तेलाची बुधली किती वेळ वाकडी धरली त्यावरून सासूनं तेल सांगायचं. अंदाज आहे, चुकतो. चुको! माणसाचाही चुकतो. पण चुकायचंच असेल तर कधी उलटं का चुकत नाही हो? कधी मालकाला वाईट वाटेल असं का चुकत नाही? तीन लिटरची चूक झाली, तीही तोंडभर स्तुतीच्या बाजूनं! हरिदासांनी यावर साकी म्हणावी अशीच गोष्ट आहे. अण्णा, आता लावा पेटी —

आपुली पाठ आपण थोपटी, आपण वाटी पेढे ।
गळ्यापर्यंत टाकी भरता, कौतुक पडले वेडे ॥

आणि खरा संताप पुढं आहे. चौतीस वर्षांच्या अनुभवानं सर्जेरावांनी तिथंच दुसरा हिशेब केला. सहाशे बारा किलोमीटरांत घाट किती? दहा-बारा. तेवढ्यात एक बाई गाडीत बसली असती तर आकडा कितीनं उतरला असता? दशांशाच्या पहिल्या घरातसुद्धा हललं नसतं! यंत्राची थाप साडेतीनाची, आणि आईचं ओझं शून्य पूर्णांक शून्य काहीतरी. आणि उतरवलं कुणाला? आईला!

त्यांनी कागद पोरापुढं ठेवला. पोरगा म्हणाला, पंपाचं माप चुकलं असेल, उन्हानं पेट्रोल फुगलं असेल, हवा राहिली असेल. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, ते काय वेडे? आणि शेवटी म्हणाला, "अप्पा, तुमचा स्वतःचा स्कोअर बासष्ट आहे."

बघा! परीक्षकाला खोटं ठरवायला गेलात, तर तो तुमचेच मार्क दाखवतो.

आला मेळाव्याचा रविवार. खेड शिवापूरजवळ एका लॉन्सवर एकोणीस गाड्या ओळीनं. कलावतीबाई आल्या, त्या मात्र एसटीनं. आता सवय झाली म्हणाल्या. सर्जेराव थेट ग्रुपच्या अध्यक्षांपुढं उभे राहिले. कानडे नाव त्यांचं, गळ्यात ओळखपत्र. सर्जेराव म्हणाले, समोर पंप आहे, माझ्या पोराचा आकडा खोटा आहे, तुमचा खरा असला तर भरून दाखवा. अपमान झाला मंडळींचा! स्पर्धेपासून ज्यांनी पेट्रोल भरलं नव्हतं अशा सात गाड्या निघाल्या. सातही पंपावर गेल्या. आणि काय दृश्य ते — इस्त्रीच्या शर्टातली सात माणसं आपापले बंपर धरून गाड्या हलवतायत, आणि खाकी पँटीतला एक म्हातारा ओरडतोय, अजून हलवा, अजून मावतंय!

सातही गाड्या खोट्या निघाल्या. कुणी तीननं, कुणी चारनं. अठ्ठावीस पार एकही नाही.

आता सांगा, शहाण्या माणसांनी काय करावं? बोर्ड उतरवावा, नारळ फोडून खोबरं वाटावं, घरी जावं. कानडे माईकवर आले. घाम पुसला. आणि म्हणाले, "मित्रहो, यात एक दिलासा आहे. थाप सगळ्यांना सारखीच आहे. तेव्हा क्रमांक बदलत नाहीत."

टाळ्या! कडकडाट! आणि शाल पडली धैर्यशील सर्जेराव खुटवड यांच्या खांद्यावर.

मंडळी, खोटं पकडलं गेलं की लाज वाटायची, असा एक काळ होता. आता काय? सगळे मिळून खोटे असलो तर बक्षीस समारंभ!

सर्जेराव तणतणत कलावतीबाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. पण आत कुठंतरी त्यांना जिंकल्यासारखं वाटत होतं. हातातला कागद बायकोपुढं धरून ते म्हणाले, बघ, सातच्या सात. खोट्या आकड्यापायी तुला उतरवलं यांनी.

कलावतीबाईंनी कागदाकडे बघितलं नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट बघितलं.

"आणि आकडा खरा निघाला असता तर?"

सर्जेरावांनी कागदाची घडी घातली.

"तर मला उतरवलेलं बरोबर होतं का?"

मागं धैर्यशील उभा होता, शाल पांघरून, नारळ हातात. त्यानंही ऐकलं.

मंडळी, याचं उत्तर काय? तुमच्याकडे आहे का? असेल तर सांगा, मी आख्यान इथंच थांबवतो.

नाही ना. मग ऐका. पुढच्या रविवारी धैर्यशीलनं सकाळी सातला गाडी दारात लावली. काच उघडी, एसी चालू, डिकीत लोणच्याची बरणी. आईला पुढं बसवलं, आणि 'वाईला' एवढंच म्हणाला. पडद्याकडे त्यानं वाटेत चारदा बघितलं. सवय आहे, सुटायला वेळ लागतो.

घाटाचा पायथा आला. मागनं सर्जेराव म्हणाले, थांबव. गाडी थांबली. ते उतरले, दार लावलं आणि फाट्यावरच्या दगडावर जाऊन बसले. पोरानं विचारलं, अप्पा, काय हे? कलावतीबाई म्हणाल्या, उगा सोंगं नका करू, चला बसा. सर्जेराव म्हणाले, "त्या दिवशी त्यानं तुला उतरवलं ते एकवेळ जाऊ दे. पण मला उतरता येत होतं. मी बसून राहिलो." बाई पोराला म्हणाल्या, चल तू.

एसटी तासाभरानं आली. भरलेलीच होती. ड्रायव्हरनं ओळखलं, साहेब या, केबिनमध्ये बसा म्हणाला. सर्जेराव मागं गेले आणि दांडी धरून उभे राहिले. अख्खा घाट.

वाईला पोचले तेव्हा साडेदहा. इंदूआक्का जागी होती! आणि दोघी बहिणी भांडत होत्या. माहेरची एक मोरपंखी साडी चाळीस वर्षांपूर्वी कुणी फाडली, यावरून. इंदूआक्काला मागचा महिना आठवत नव्हता, पण साडी कलूनंच फाडली हे पक्कं आठवत होतं. कलावतीबाई डोळे पुसत पुसत म्हणत होत्या, मी नाही फाडली, मी नाही.

सर्जेराव दारात उभे राहिले. कलावतीबाईंनी वर बघितलं.

"जागा मिळाली?"

"नाही. उभ्यानंच आलो."

"मलाही नव्हती मिळाली," त्या म्हणाल्या, आणि कॉटवर जरा सरकल्या. "बसा आता."

तर मंडळी! यंत्र साडेतीनानं खोटं बोललं. ते यंत्र आहे. उद्या दुसरं येईल, अर्ध्यानं खोटं बोलेल, परवा अगदी खरं बोलेल. मग काय करणार? तुम्ही हसलात त्या धैर्यशीलला. पण मला सांगा, मुलाच्या टक्क्यांसाठी घरात आलेल्या आजीला दुसऱ्या खोलीत बसवलं नाही कुणी? फोनवर पावलं मोजत दहा हजार पुरी करताना, दारात बोलायला थांबलेल्या शेजाऱ्याला हातानंच 'नंतर' म्हटलं नाही? आकडा खरा होता ना? बरोबरच होता! आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर, मान न वळवता, गप्प कोण बसलं होतं? तिथं आपल्यातले पुष्कळ जण आहेत. मी आहे. म्हणून तर मगाशी रागावलो होतो. यंत्रावर रागावणं फार सोपं असतं.

उद्या घरून निघताना मागं एकदा वळून बघा. सगळे बसलेत का, एवढंच. ते कुठल्या पडद्यावर दिसत नाही.

बोला — जो कुणालाही वाटेत उतरवत नाही, त्या नारायणाचा विजय असो!